पुडीत नसलेली साखर

वसईत तेव्हा मी खाण्याच्या वस्तूंच्या पुड्या छापायचो. पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. वेफर्स, बिस्किटं, सरबताची पावडर, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया असल्या मालाचा चकचकीत कागद तिथे छापला जायचा आणि त्यावरचे रंग एकमेकांवर नीट बसलेत की नाही हे बघण्याचा पगार मला मिळायचा. संत्र्याचा केशरी जरा पिवळट आला की अख्खा रोल बाद. ते एकच संत्रं मी दिवसभर बघायचो. त्या सरबताच्या पावडरीने खरं संत्रं कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. एकदा तर पुड्या छापून तयार होत्या आणि आत नक्की काय भरायचं ते मालकाचं अजून ठरत होतं.

त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. ज्याला पुडी आहे ते वाईट, ज्याला पुडी नाही ते चांगलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी पंचविशीत होतो, आणि त्या वयात माणसाला एवढं तत्त्वज्ञान पुरतं. मी ते घरीदारी सगळ्यांना ऐकवायचो. बिल्डिंगमधले लोक माझ्यासमोर वेफर्सची पुडी फोडायला कचरत, कारण पुडी फुटली की माझं तोंड सुटायचं.

शाईच्या वासाने छाती भरल्यासारखी व्हायची, म्हणून मी पहाटे मोकळ्या हवेत चालायला लागलो आणि चालता चालता पळायला लागलो. आज याला ट्रेल रनिंग म्हणतात, त्याचे वेगळे बूट मिळतात, कमरेला पाण्याच्या बाटल्या लावायचे पट्टे मिळतात. आम्ही त्याला बांधावरून पळणं म्हणायचो. आम्ही पश्चिमेला राहायचो. घरापासून दहा मिनिटांवर डांबर संपायचं आणि वाड्या सुरू व्हायच्या. होळी नावाच्या वस्तीच्या बाजूला अळूचे, वांग्यांचे, पानवेलीचे वाफे, मधून पाट, पाटाकडेने एक माणूस जाईल एवढी पायवाट. मग बावखल लागायचं, म्हणजे वाडीतलं जुनं तळं, त्याला वळसा घालून गिरीजच्या अंगाने भुईगावच्या समुद्रापर्यंत जायचं आणि सुरूच्या झाडांखालून परत फिरायचं. पाटाच्या ओल्या मातीत पाय घसरायचा, केळीची पानं तोंडावर आपटायची, एखादं कुत्रं वाडीच्या हद्दीपर्यंत सोडायला यायचं. रविवारी तुंगारेश्वरचं जंगल. तिथे ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागायचा आणि वर पोहोचेपर्यंत पोटात भुकेचा डोंब उसळलेला असायचा. त्या भुकेची मला अजून आठवण येते. तशी भूक पुढे कधी लागली नाही.

लोक हसायचे. वॉचमन रोज विचारायचा, "कोन पीछे लगा है, साहब?" आई म्हणायची, "पळून पळून जाशील कुठे? चहाला इथेच येशील." आणि मी येतच होतो.

बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. फोर्टमधल्या एका कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या. मवाळ माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांचं एकच व्यसन होतं, चहाबरोबर बिस्किटं. पुडा उघडला की संपेपर्यंत हात थांबत नसे. एकदा चपलेच्या अंगठ्याने पायाला लागलं आणि महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. साखर निघाली. चांगलीच निघाली.

आमच्या घरात साखर म्हटलं की एकच माणूस आठवायचा, तो म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गावी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला होता आणि वर्षभरात ते गेले होते. भावाची कुबडी हॉस्पिटलात परत करायला बाबाच गेले होते. स्वतःची साखर कळली त्या दिवशी दवाखान्यातून येताना ते फक्त एवढंच म्हणाले, "पाय राहिला म्हणजे झालं."

मी तो पाय वाचवायचं मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी मांडणीवरचे बिस्किटांचे डबे, सॉस, सरबताच्या पावडरी, शेवयांच्या पुड्या सगळं पिशवीत भरलं आणि वॉचमनला देऊन टाकलं. त्याच्या कुटुंबाच्या तब्येतीचा विचार मी केला नाही. आईने पाहुण्यांसाठी ठेवलेला सॉस तेवढा माझ्या हातून काढून घेतला. मग आमच्याकडे नाचणीची भाकरी आली, वाडीतली शिराळी, पांढरी वांगी आणि लाल माठ आला, अर्नाळ्याहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या कोळणीचे सुके बोंबील आले. आई म्हणाली, "हे सगळं माझी सासू करायची, तेव्हा तुम्हाला पाव हवा असायचा." ते खरंच होतं.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी बाबांना चालायची परवानगी दिली आणि मी त्यांना बांधावर नेलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, ऑफिसची जुनी पँट, डोक्याला कानटोपी. पहिला आठवडा ते चालले. दुसऱ्या आठवड्यात मी पुढे पळत असताना मागे बूट वाजल्यासारखे वाटले, वळून पाहिलं तर बाबा पळत होते. दोन्ही हात पोटाशी धरून, बस सुटताना बाई धावते तसे. मला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मीसुद्धा नाही पाहिलं."

त्या थंडीतल्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी होत्या, हे तेव्हा कळत नव्हतं. बाबा बांधावर थांबून लोकांशी बोलायचे. कुणाच्या पानवेलीला काय रोग पडलाय, कुणाच्या विहिरीचं पाणी टँकरवाल्यांनी आटवलंय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. घरी न बोलणारा माणूस वाडीत बोलका व्हायचा. मी पुढे जाऊन उभा राहायचो आणि चरफडायचो, कारण मला वेळ मोजायची असायची.

होळीच्या पुढे एका वाडीत एक म्हातारी मावशी सुकेळी करायची. तिचं लाल लुगडं लांबूनच दिसायचं. राजेळी केळी पिकवून, सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून घरात घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर केलं की केळं आकसून बोटाएवढं होतं आणि त्याचा रंग मधासारखा दिसायला लागतो. मग ती ते केळीच्याच वाळक्या पानात घट्ट गुंडाळून केळीच्याच दोराने बांधायची. छापील अक्षर नाही, संत्र्याचं चित्र नाही, कागदच नाही. मी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला माझ्या तत्त्वज्ञानाचा देवच भेटला.

"यात साखर घालता का, मावशी?" मी विचारलं होतं.

"साखर कशाला? केळी आनी ऊन. दुसरं काय नाय," ती म्हणाली.

मला एवढं पुरे होतं. दर आठवड्याला मी एक मोठं पुडकं घ्यायला लागलो. भुईगावच्या सुरूंखाली पोहोचलो की दोन मला, दोन बाबांना. बाबांनी चार महिन्यांत गोड म्हणून जिभेला लावलं नव्हतं. पहिलं सुकेळं त्यांनी तोंडात धरलं आणि डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "हे चालतं ना रे मला?"

मी त्यांना व्याख्यान दिलं. साखर कारखान्यात होते, पुडीत भरली जाते, तिने माणूस आजारी पडतो. हे झाडाचं आहे, उन्हाने केलेलं आहे. "पुडीत नाही ना? मग खा बिनधास्त." पळून आल्यावर शक्तीला हे असंच खायला हवं, असंही सांगितलं. बाबांनी मान डोलावली. पस्तीस वर्षं त्यांनी वरून आलेल्या कागदावर अशीच मान डोलावली असणार.

पुढच्या तपासणीत साखर वाढली होती.

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, "बाहेर काही खाता का?" बाबा नाही म्हणाले. घरी येताना माझं डोकं तापलं. रोज पाच-सहा किलोमीटर, घरात साखरेचा कण नाही, आणि तरी वाढते म्हणजे काय? हिशेब सरळ होता, माणूस चोरून खातोय. बिस्किटांचं व्यसन होतंच. संध्याकाळी बाबा देवळात जायचे, तिथे जाताना वाटेत बेकरी होती, पुढे वडापावची गाडी होती.

मी बेकरीत गेलो आणि विचारलं. बेकरीवाला म्हणाला, "येत नाहीत हो हल्ली." मला वाटलं, गिऱ्हाईक सांभाळतोय. वडापाववाल्याला विचारलं, वाण्याला विचारलं. वाणी हसून म्हणाला, "वडिलांवर पाळत ठेवताय?" मी त्यालाही सुनावलं. घरी येऊन बाबांची पिशवी झाडली. रुमाल, चष्म्याचं घर आणि देवळातला अंगारा निघाला.

"नाही खाल्लं रे मी काही," बाबा म्हणाले.

"खोटं बोलून पाय वाचत नाही, बाबा."

हे मी म्हणालो. आई तिथेच होती. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य माझ्या तोंडून गेलं त्या वेळचा बाबांचा चेहरा मला विसरता आलेला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खाली मान घालून चपलांकडे बघत राहिले.

मी दोन गोष्टी केल्या. पळण्याचं अंतर वाढवलं, आणि अंतर वाढलं म्हणून सुकेळीही दोनाची चार केली. रविवारी तुंगारेश्वरला सहा. आईने माझं ऐकून बाबांवर नजर ठेवायला सुरुवात केली. देवळातून उशीर झाला की ती दारातच विचारायची, "कुठे थांबला होतात?" पस्तीस वर्षं जिने नवऱ्याच्या खिशात हात घातला नव्हता ती कपडे धुवायला टाकताना खिसे तपासायला लागली. बाबांनी देवळात जाणं बंद केलं. मग संध्याकाळचा चहा बंद केला. रात्री भाकरी अर्धी ठेवून उठायला लागले. मला वाटलं, चला, वठणीवर आले.

दुसरा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला. त्याच सुमाराला कॅनव्हासच्या बुटाने डाव्या टाचेला फोड आला, तो फुटला आणि चिघळला. डॉक्टर या वेळी नुसती गोळी वाढवून थांबले नाहीत. पळणं, चालणं बंद, आणि दहा-बारा दिवसांत जखम सुकायला लागली नाही तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात काय करतात ते बाबांनी गावी पाहिलं होतं. घरी आल्यावर ते गॅलरीत स्टूलवर बसले आणि पाय दुसऱ्या स्टूलवर ठेवला. त्या दिवसापासून त्यांची जागा तीच झाली.

मी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. माझा राग भीतीतून येत होता हे आता कळतं, पण भीती दाखवायला मला लाज वाटायची, रागाची लाज नव्हती.

शनिवारी मी एकटाच पळायला गेलो. मावशीच्या वाडीशी थांबलो आणि नेहमीचं पुडकं मागितलं. ती मांडवावरची केळी उलटत होती.

"बाबा नाय आले?"

मी सांगितलं. साखर वाढलीय, पाय चिघळलाय, घरी बसलेत. त्यांच्यासाठीच नेतोय, खाऊन जरा ताकद येईल.

तिचा हात थांबला. "साखर कोनाला, तुझ्या बाबाला?"

"हो. सहा महिने झाले."

"आनी सुकेळी कोन खातो?"

"आम्ही दोघं."

तिने हातातलं केळं मांडवावर ठेवलं. लुगड्याला हात पुसले. "आमच्या म्हाताऱ्याला पन साखर हाय. सुकेळी मांडली का मी त्याला लेकीकडे धाडते. एक उचललं तर त्याच्या हातावर मारते मी. तुला कोनी सांगितलं नाय?"

मी म्हणालो, "पण तुम्ही साखर घालत नाही ना यात?"

"घालायला कशाला पायजे? केळीत हायच की. ऊन लागलं का पानी उडतं, बाबा. साखर कुठं उडते? सगळी आत र्‍हाते." तिने बोटाएवढं सुकेळं उचलून दाखवलं. "एवढं मोठं केळं होतं ते. पानी गेलं, बाकी सगळं हे."

चौथीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट होती. मीठ कसं होतं ते आम्हाला शाळेत शिकवलं होतं, नायगावला मिठागरं आम्ही गाडीतून बघायचो. पाणी उडतं, मीठ खाली राहतं. मी गाळ्यात दिवसभर पुडीवरच्या बारीक अक्षरांची थट्टा करायचो आणि माझ्या हातातल्या वस्तूवर अक्षरंच नव्हती म्हणून मी विचार करणं सोडून दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं होतं. आणि चोराला मी रोज स्वतःच्या खिशातून घेऊन जात होतो.

मावशीने पुडकं दिलं नाही. पाटाजवळून दोन मुळे आणि माठाची जुडी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाली, "जा, घरी जा आधी."

परत येताना मी पळालो की चाललो ते आठवत नाही. बाबा गॅलरीत होते. आईचा छोटा आरसा टाचेखाली धरून जखम बघत होते, नुकतं मलम लावलेलं होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुकेळ्यांनीच साखर वाढली, तुम्ही बाहेर काही खात नव्हता, मीच खाऊ घालत होतो.

बाबांनी आरसा बाजूला ठेवला.

"मला वाटलं, मीच कुठेतरी चुकत असेन," ते म्हणाले. "तू एवढं वाचून-समजून करतोस. मी रोज आठवायचो, आज काय काय खाल्लं. प्रसादाची खडीसाखर एकदा खाल्ली होती. वाटलं, तीच असेल. म्हणून मग देऊळ बंद केलं."

त्यांच्या शब्दावर मी एक दिवस विश्वास ठेवला नव्हता. माझ्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता की स्वतःवरचा उडाला.

आमच्याकडे मुलगा बापाची माफी मागत नाही. शब्दच नाहीत त्याला. पाया पडतात. मी वाकलो, तर ते म्हणाले, "थांब, मलम आहे, हाताला लागेल." मग पाय जरा मागे घेऊन म्हणाले, "पायाचं होईल काय व्हायचं ते. तू आधी आत जा आणि आईला सांग, मी खोटं बोललो नव्हतो म्हणून."

मी आत गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी सांगत असताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. माझं झाल्यावर ताट बाजूला सारलं, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन बाबांच्या शेजारी खाली जमिनीवर बसली. माझी त्यांच्यात जायची हिंमत झाली नाही. ओट्यापाशी उभा राहून मी मुळे धूत राहिलो.

जखम सुकली. मुंबईला जावं लागलं नाही. पुढचा रिपोर्ट उतरलेला आला, त्यापुढचा आणखी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पुन्हा बांधावर गेलो, बाबांना या वेळी मी चांगले जाड तळाचे बूट घेतले. सुरूंखाली पोहोचल्यावर खिशातून भाजलेले शेंगदाणे निघायचे, तेही मोजून. बाबा आणखी आठ-नऊ वर्षं पळले, नंतर चालले. तोवर निम्म्या पायवाटा बुजल्या होत्या, बावखलाच्या तीन बाजूंना इमारती आल्या होत्या. एकेका वाडीच्या जागी पार्किंग झालं. सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांच्या हातात माझ्याच गाळ्यातल्या पुड्या दिसायच्या, पण मी कुणाला व्याख्यान देणं सोडलं होतं. गाळ्यातली नोकरीही पुढे सोडली.

बाबा गेले ते झोपेत गेले, दोन्ही पाय शाबूत असताना. दहाव्याच्या सुमाराला बिल्डिंगमधली, बांधावरची माणसं भेटायला येत होती. बेकरीवालाही आला होता. तो माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यासारखा मुलगा मिळायला नशीब लागतं. तुमच्यामुळे त्यांचा पाय वाचला." मी म्हणालो, असं काही नाही. तो म्हणाला, "असं कसं? ते स्वतः सगळ्यांना सांगायचे."

आई समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "हो, सांगायचे."